देवाकडे गाऱ्हाणं मांडताना: तुमची पद्धत लिहा

दुखवट्यात 'देवाची इच्छा' म्हणून विषय मिटवला जातो, पण रडत-भांडत प्रार्थना कशी करायची हे कुणी सांगत नाही. इथे आपापली कहाणी नको. काय जमतं, काय फसतं आणि का, एवढंच लिहा.

नगर
बायबलमधलं स्तोत्र १३ धरा. सहाच वचनं. पहिल्या दोनांत 'कोठवर' हा प्रश्न चारदा, मग दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. वहीच्या पानाचे तसेच तीन भाग आखा, पण गाऱ्हाण्याला अर्धं पान द्या. 'मला फार वाईट वाटतं' असं मोघम नको. 'दवाखान्यातून फोन आला तेव्हा तू कुठे होतास?' असं लिहा. 'तू' सोडू नका. 'देव असं का करतो' लिहिलं की तो निबंध होतो. मागणीही नेमकी हवी: 'शांती दे' नव्हे, 'उद्या त्यांचं कपाट उघडायचंय, तेवढं बळ दे.' गजर लावून वीस मिनिटं. वाक्य अर्धं राहिलं तरी वही मिटायची. रात्री झोपण्याआधी नको, झोप उडते.

कोल्हापूर
वरच्या पद्धतीत एक खोट आहे. तिसरा भाग रोज भरलाच पाहिजे असं वाटून लोक पहिल्याच आठवड्यात 'हालेलुया' लिहितात आणि दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. स्तोत्र ८८ काढून बघा: शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. भरवसा नसेल तर तारीख टाकून जागा कोरी ठेवा.

वसई
डोकं बधिर असतं तेव्हा कसली वही! कॅथलिक जपमाळ (रोझरी) घ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या यातनांचे पाच प्रसंग, असतात. पाचही संपवायची घाई नको. पहिल्यावरच, अटकेआधी येशूने जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेवर, थांबा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २६व्या अध्यायात येशू दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना करतो, तेव्हा तेच तेच मागण्याची लाज नको. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर फुलं-मेणबत्त्यांच्या गडबडीत बोलायचं राहून जातं. आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहा, मग काडी ओढा.

पुणे, प्रार्थना गट
सहा ते आठ जण पुरेत. एकाने स्तोत्र सावकाश वाचायचं, मग घड्याळ लावून दोन मिनिटं शांतता. ती फार लांब वाटते आणि चाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी गाणं सुरू करतं, म्हणून पेटीवाल्याला आधीच बजावून ठेवा. 'तो चांगल्या ठिकाणी गेला', 'रडू नका, साक्ष बिघडते' (म्हणजे लोकांना आपला विश्वास डळमळलेला दिसतो) ही वाक्यं बंद. मित्र लाजराच्या कबरीपाशी येशू रडलाच ना? बायबलमधल्या, दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला.

मुंबई, समुपदेशन
गाऱ्हाणं आणि स्वतःला कुरतडणं यांत फरक करा. तीन-चार दिवस तेच वाक्य आणि त्यात 'तू'ऐवजी 'मी'च ('मीच लवकर न्यायला हवं होतं') येत असेल, तर एकट्याने लिहिणं थांबवून कुणालातरी वाचून दाखवा. जेवण-झोप आठवडेच्या आठवडे बिघडली, जगू नये असं वाटलं, तर डॉक्टर गाठा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, कुठल्याही वेळी. प्रार्थना चालू ठेवून औषध घेण्यात अविश्वास नाही.

सोलापूर
दुःखाला टोक सापडत नसेल तर बायबलमधल्या विलापगीताची युक्ती. मूळ हिब्रूत पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या अध्यायांत वर्णमालेतल्या २२ अक्षरांनी ओळीने सुरू होणारी २२ वचनं, तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून ६६. मराठीत 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत एकेका अक्षराची एकच ओळ लिहा, दिवसाला पाच अक्षरं. ङ आणि ञ सोडून द्या. 'ण'ने शब्द सुरूच होत नाही. तिथे बाणातला ण चालतो, नाहीतर प्राणातला.