मदत हवी आहे : बार्बरा व्हाइनचं पुढचं कुठलं वाचू?

नमस्कार मंडळी, ब्रिटिश रहस्यकथा लेखिका रुथ रेंडेल यांनी बार्बरा व्हाइन या टोपणनावाने लिहिलेल्या कादंबऱ्या कुणी वाचल्यात का? मी त्यांच्या इन्स्पेक्टर वेक्सफर्ड या पोलीस डिटेक्टिव्हच्या मालिकेची जुनी फॅन, पण गेल्या आठवड्यात 'अ डार्क-अडॅप्टेड आय' (१९८६, व्हाइन नावाचं पहिलंच) हाती लागलं आणि दोन रात्री झोप नाही. सुरुवातच एका बाईच्या फाशीच्या दिवशी सकाळी होते, तिची भाची पहाटेच जागी आहे आणि घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खून कुणी केला ते आधीच कळतं, का केला यासाठी अख्खं पुस्तक, बहिणीबहिणींतलं ते गुदमरवणारं प्रेम आणि मूल नक्की कुणाचं हा प्रश्न तर अजून डोक्यातून जात नाहीये. वेक्सफर्डमध्ये हे असं कधी जाणवलं नव्हतं.

आता पुढे काय घेऊ? 'अ फेटल इन्व्हर्जन'ला १९८७चा गोल्ड डॅगर (गुन्हेकथांसाठीचा ब्रिटिश पुरस्कार) मिळालाय, तेच घेऊ की नंतरचं एखादं? आणि यातल्या कशाचा मराठी अनुवाद झालाय का? आईला द्यायचंय, तिला इंग्रजी वाचायला जड जातं. पुण्यात जुनी प्रत कुठे मिळत असेल तर तेही सांगा. फक्त शेवट फोडू नका प्लीज.