एलसॅट: पहिल्या दिवसापासून घड्याळ लावायचं की नाही?

शब्दगाठ:
अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठी एलसॅट देणारे बरेच जण पहिल्याच आठवड्यात टायमर लावून अख्खा पेपर सोडवतात, स्कोअर बघतात, तोंड पाडून बसतात आणि दुसऱ्या दिवशी परत पुढचा पेपर. रोज वजनकाट्यावर उभं राहून वजन कमी होत नसतं हो. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स (दिलेल्या अटींवरून मांडणी लावायची कोडी) गेले, आता लॉजिकल रीझनिंगचे (छोटे युक्तिवाद तपासायचे) दोन सेक्शन, रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा एक, आणि एक प्रायोगिक ज्याचे मार्क धरत नाहीत पण तो कुठला ते आपल्याला कळत नाही. गेम्स होते तेव्हा आकृत्यांची पद्धत बसली की स्पीड आपोआप यायचा, आता नुसतं वाचून समजणं उरलंय आणि ते घाईत शिकता येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, सुरुवातीचे दोन-तीन महिने घड्याळ बंद. एक प्रश्न पंधरा मिनिटं लागला तरी चालेल, पण चुकीचे चारही पर्याय का चुकीचे ते सांगता आलं पाहिजे.

३५_मिनिटं:
पूर्ण असहमत. एक सेक्शन ३५ मिनिटांचा आहे, साधारण २५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ८४ सेकंद. पंधरा मिनिटं घेऊन बरोबर आलेलं उत्तर ही वेगळीच परीक्षा झाली. घड्याळ बंद ठेवणाऱ्यांचं काय होतं तेही बघितलंय, "अजून बेस पक्का नाही" म्हणत तारीख पुढे ढकलत राहतात. आणि वेळ वाटणं हे पण कौशल्यच आहे ना? सुरुवातीचे प्रश्न सहसा सोपे असतात, तिथे वेळ वाचवायचा, मधे कुठेतरी एक राक्षस येतो त्याला खूण करून पुढे जायचं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या मिनिटाला उरलेल्या सगळ्यांना काहीतरी टिक करायचंच, पाचात एक तर लागू शकतो. हे घरी निवांत बसून कसं कळणार?

शब्दगाठ:
@३५_मिनिटं राक्षस ओळखायला आधी तो बघितलेला पाहिजे ना! उदाहरण देतो, प्रश्न माझाच आहे पण धाटणी तीच: "ज्या चौकांत कॅमेरे आहेत तिथे इतर चौकांपेक्षा जास्त अपघात होतात, म्हणजे कॅमेऱ्यांमुळे ड्रायव्हर बिचकतात आणि अपघात वाढतात." हा युक्तिवाद कमकुवत करा. घाईत माणूस "कॅमेऱ्यांमुळे दंड जास्त वसूल होतो" असलं काहीतरी उचलतो कारण कॅमेरा हा शब्द दिसला. बरोबर उत्तर काय, तर अपघात आधीपासूनच जास्त होते म्हणूनच तिथे कॅमेरे बसवले. कारण आणि परिणाम उलटे झाले की संपलं. हा साचा एकदा डोक्यात बसला की पुढच्या वेळी वाक्य अर्धं वाचतानाच दिसतो, स्पीड त्यातून येतो, टायमरमधून नाही.

मधलीसुट्टी:
तुम्ही दोघं भांडताय पण ब्लाइंड रिव्ह्यूचं नाव कोणीच घेत नाहीये. सेक्शन वेळ लावूनच सोडवायचा आणि सोडवतानाच ज्यात शंका आहे त्यावर खूण करायची. वेळ संपली की उत्तरं न बघता ते खुणेचे प्रश्न निवांत परत करायचे, मग दोन्ही स्कोअर समोरासमोर ठेवायचे. निवांत केल्यावर मार्क भरपूर वाढत असतील तर समज ठीक आहे, वेळेचा घोळ आहे, तर मग @३५_मिनिटं यांचं ऐका. फारसा फरक नसेल तर टायमरला शिव्या देऊन उपयोग नाही, मुळातच कळलेलं नाहीये. सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?

३५_मिनिटं:
हे मान्य. पण बघा, घड्याळ पहिल्या दिवसापासून आहेच की यात 😀

रात्रपाळी:
नोकरी सांभाळून करणाऱ्यांचा पण विचार करा जरा. पूर्ण पेपर म्हणजे चार सेक्शन, मधे दहा मिनिटांचा ब्रेक, वर रिव्ह्यू, अख्खी सुट्टी जाते. मी आठवडाभर रोज एकच सेक्शन घेते आणि चुकांची वही ठेवते. वहीत "सिली मिस्टेक" असं लिहायचं नाही हा माझा नियम, कारण त्यातून काहीच कळत नाही. "सम (काही) वाचून ऑल (सगळे) समजले" किंवा "निष्कर्ष नेमका कुठला ते पाहिलंच नाही" असं लिहायचं. लॉहबवर, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सराव साइटवर, काही पेपर फुकट आहेत, बाकीच्यांना वर्गणी लागते. म्हणूनच म्हणते, चांगले पेपर नुसते स्कोअर बघण्यासाठी उडवू नका.

उलटतपासणी:
@शब्दगाठ साचे साचे म्हणताय पण साच्यांचंच व्यसन लागतं लोकांना. नेसेसरी असम्प्शन घ्या, म्हणजे युक्तिवादाला जे गृहीतक लागतंच ते ओळखायचा प्रश्न. पर्याय उलटा करून बघायचा, युक्तिवाद कोसळला तर तेच उत्तर, हे सगळ्यांना पाठ असतं. पण "ऑलवेज", "ओन्ली" असा जोरकस शब्द दिसला की डोळे झाकून उडवतात, आणि तीच सवय सफिशियंट असम्प्शनला (जे गृहीत धरलं की निष्कर्ष सिद्धच होतो ते शोधायचं) लावतात जिथे जोरकस पर्यायच बऱ्याचदा बरोबर असतो. प्रश्नात काय विचारलंय ते वाचायचे कष्ट नकोत फक्त.

शब्दगाठ:
@उलटतपासणी ते घाईमुळेच होतं, माझाच मुद्दा झाला.

उलटतपासणी:
घाईमुळे नाही हो, पाठांतरामुळे. निवांत बसवलं तरी तेच करतात.

पानोपानी:
रीडिंगबद्दल कोणी बोलतच नाहीये! चार उतारे, त्यातला एक दोन छोट्या लेखांचा जोड-उतारा, म्हणजे प्रश्नांसकट एकेकाला पावणेनऊ मिनिटं. इथे मी शब्दगाठ यांच्या बाजूने आहे. आधी प्रश्न वाचा मग उतारा, हा सल्ला मला अजिबात झेपत नाही, डोक्यात सहा-सात प्रश्न घेऊन कोण वाचू शकतं? प्रत्येक परिच्छेदानंतर क्षणभर थांबून लेखक इथे काय करतोय एवढंच स्वतःला विचारायचं: जुनं मत सांगतोय, खोडतोय, की स्वतःचं मांडतोय. आणि अख्खा उतारा पिवळा करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

३५_मिनिटं:
@पानोपानी तीन उतारे मन लावून वाचले आणि चौथा उघडलाच नाही, असे किती दाखवू? मला तर वाटतं बेस पक्का व्हायची वाट बघू नका, एकदा देऊन टाका, दोन-तीन वेळा देता येते.

मधलीसुट्टी:
देता येते पण मर्यादा आहे, पाच वर्षांच्या रिपोर्टिंगच्या काळात (ज्या काळातले स्कोअर कॉलेजांना कळवतात) ५ वेळा आणि आयुष्यात ७ वेळा. कॉलेजला जुने स्कोअर पण दिसतात. बहुतेक ठिकाणी सगळ्यात वरचाच धरतात, तरी सराव म्हणून खरी परीक्षा कशाला जाळायची? घरी चार सेक्शन सलग बसा की.

नवखा_वकील:
सगळं वाचलं, थँक्स. एक विचारू का, माझ्याकडे जुने गेम्सवाले पेपर पडलेत. ते टाकून देऊ का?

रात्रपाळी:
@नवखा_वकील नको रे, गेम्सचा सेक्शन सोड, बाकीचे तीन अजून तसेच कामाचे आहेत. फक्त त्यातला जुना स्कोअरचा तक्ता वापरू नकोस, तो गेम्स धरून केलेला आहे.