होडीचं पेट्रोल नेमकं किती जातंय ते मोजायचं कसं? हिडकल बॅकवॉटर

हिडकल_काठ

नमस्कार मंडळी, हुक्केरी तालुक्यातनं लिहितोय. हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला आमची एक 18 फुटी फायबरची होडी आहे, तिला 9.9 एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागं बाहेरनं अडकवायचं इंजिन, सेकंडहँड घेतलेलं. बाबा आणि माझा चुलतभाऊ दोघं संध्याकाळी जाळं टाकून येतात आणि पहाटे उचलायला जातात, म्हणजे दिवसाला दोन खेपा. दिवाळीच्या टायमाला 5 लिटरचा कॅन दीड दिवस जायचा, आता रोजचं 6 लिटरच्या वर जायलंय. पेट्रोल शंभरच्या वर गेलंय आणि कटला, रोहूचा दर आहे तिथंच आहे, मग हातात राहणार काय. मेकॅनिकला दाखवलं, त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, बिल घेतलं, फरक काहीच नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. घरात कुजबुज सुरू झालीय की चुलतभाऊ कॅनमधलं पेट्रोल बाईकला घालतोय. बाबा तोंडानं काही बोलत नाहीत पण कॅन माळ्याच्या खोलीत कुलपात ठेवायला लागलेत. भावानं ते बघितलं आणि दोन दिवस आमच्याकडं जेवायला आला नाही. लहानपणापासनं एका ताटात जेवलोय आम्ही, तो असं करणार नाही हे मला माहीत आहे, पण बाबांना दाखवू काय? ऑनलाइन 200 रुपयाच्या आसपास पाण्याचा फ्लो सेन्सर मिळतोय, तो पेट्रोलच्या पायपात बसवला तर चालेल काय?

उद्यमबाग_लेथ

भावा तो सेन्सर घेऊ नको, मी घेऊन बघितलोय. वायएफ-एस201 म्हणून जो मिळतोय तो मिनिटाला 1 ते 30 लिटर पाण्यासाठी आहे. तुझं इंजिन फुल्ल रेसवर तासाला साधारण 4 लिटर घेत असणार, म्हणजे मिनिटाला 67 मिली, एवढ्याशा धारेनं त्यातलं चाक नीट फिरणारच नाही. आणि तो पाण्यासाठीचा आहे, पेट्रोलमधे त्याचं रबर टिकत नाही, गळायला लागलं की वाफ होडीच्या तळात साठते कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, अन् पहाटे कुणी विडी पेटवली तर संपलंच. त्या वाटेला जाऊच नको.

तुमच्याकडं मासे तोलायचा काटा असेल की, हुकाचा डिजिटल? तोच वापर. आउटबोर्डची टाकी सुटी असती, पाइप काढ, झाकण आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट कर आणि टाकी हुकाला अडकवून वजन घे, निघायच्या आधी एकदा आणि परत आल्यावर एकदा. पेट्रोल लिटरला साधारण 740 ग्रॅम भरतं, टाकी तेवढी हलकी झाली की एक लिटर गेलं. माझा आकडा पण डोळे झाकून घेऊ नको, एक लिटर नीट मापून तुझ्याच काट्यावर तोल, येईल तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. टाकीत काठी बुडवून मोजायला गेलास तर होडी जरा कलली की अर्धा लिटर इकडंतिकडं होतंय, वजनाला तो प्रश्न नाही. आणि परत निघताना हवेचा स्क्रू उघडायला विसरू नका नाहीतर मधेच इंजिन बंद पडेल.

सोबत मोबाईलवर जीपीएसचं कुठलंही ॲप लाव, किती किलोमीटर झाले आणि किती वेळ लागला ते बघ. दिवसाला किती लिटर गेलं यावरनं काही कळत नाही, लिटर भागिले किलोमीटर काढ. बाईकचं ॲव्हरेज आपण असंच काढतो की, मग होडीचं का नाही.

बैतखोल_पागी

कारवारहून लिहितोय, आमची होडी डिझेल इनबोर्ड आहे, म्हणजे इंजिन होडीच्या आत बसवलेलं, त्यामुळं मीटरबद्दल आधी सांगतो, कारण इथं कुणीतरी डिझेलवाला वाचत असेल. डिझेलमधे पंपाकडं गेलेलं जास्तीचं डिझेल रिटर्न लाइननं परत टाकीत येतं. एकच मीटर बसवला तर न जळलेलं डिझेलपण त्यात मोजलं जातं. जाणाऱ्या पायपाला एक आणि परत येणाऱ्याला एक असे दोन लावून वजाबाकी करावी लागते. तुझ्या कार्बोरेटरवाल्या आउटबोर्डला रिटर्न नाही, त्यामुळं काट्याची युक्ती तुला एकदम बरोबर.

आता वेगाचं ऐक, कारण मला वाटतं तुमचं निम्मं पेट्रोल तिथंच जातंय. अशा जड होडीला पाण्यात एक सोपा वेग असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घे, तिचं वर्गमूळ काढ आणि 1.34 ने गुण, उत्तर नॉटमधे येतं. तुझी 18 फुटी म्हणजे पाण्यात 17 फूट धरू, साडेपाच नॉट आले, म्हणजे तासाला 10 किलोमीटर. त्याच्या वर रेस दिलीस की नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक वर उचलतं, मागची बाजू खाली बसते आणि होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत राहते. मागं वळून बघ, इंजिनामागं पाणी उकळल्यासारखं होऊन मोठी लाट पाठलाग करत असेल तर तुझे पैसे त्या लाटेत चाललेत. ढोबळ हिशोब असा की लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग 20 टक्के कमी केला तर तासाला जळणं जवळजवळ निम्म्यावर येतं, पोचायला वेळ जास्त लागतो तो धरूनसुद्धा किलोमीटरमागं एक तृतीयांशापेक्षा जास्त वाचतं.

होडीच्या तळावर हात फिरवून पण बघ. आमच्याकडं तळाला शिंपले धरतात, जून-जुलैच्या 61 दिवसांच्या बंदीत होडी वर ओढली की खरवडून रंग लावण्यातच दिवस जातात. गोड्या पाण्यात शिंपल्यांचा तसा त्रास नसेल पण शेवाळ धरणारच. बुळबुळीत लागलं तर घासून काढ.

निपाणी_विजय

पेट्रोलमधे आता 20 टक्के इथेनॉल येतंय ते पण धरा की. सगळा दोष त्याचाच असेल.

उद्यमबाग_लेथ

@निपाणी_विजय फरक पडतोय पण एवढा नाही. इथेनॉलमधे लिटरमागं ताकद कमी असते, 20 टक्के मिसळलं तर हिशोबानं 6-7 टक्के जास्त लागेल. इथं दिवसाचं जवळजवळ दुप्पट झालंय. इथेनॉल पाणी ओढतं हे मात्र खरं, धरणावरच्या ओल्या हवेत पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नका, आणि जुने रबरी पाइप कडक झालेत का किंवा चिरलेत का ते बघून बदला.

घटप्रभा_तात्या

बाळ, पाणी किती उतरलंय ते कुणी ध्यानात घेतलंय काय? धरण भरलं की 51 टीएमसीचा पसारा असतो, काठापासनं थोडं आत गेलं की जाळं टाकता येतं. आता हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ पाण्याबाहेर दिसायलंय म्हणजे काठ कुठल्या कुठं गेला बघ. मासा खोल पाण्याकडं सरकला, तुमची जाळी पण त्याच्यामागं सरकली असणार. आम्ही बुट्टीनं, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीनं जायचो, हातानं वल्हवायचो, आज लांब जाऊन आलो ते रात्री खांदे सांगायचे. आता इंजिनाची दोरी ओढली की माणूस निघाला, किती लांब गेलो ते कुणी मोजत नाही.

दुसरं म्हणजे पाणी उतरल्यावर बुडालेल्या गावांचे कट्टे, भिंती, बाभळीचे बुंधे वर येतात. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याची पाती बघून घे, कुठंतरी नक्की घासलं असेल.

आणि त्या पोराला आधी जेवायला बोलव. मोजमाप नंतर कर.

हिडकल_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार, आठ दिवस मोजून मग लिहायला बसलोय.

तात्या, तुमचं ऐकून त्याच रात्री भावाकडं गेलो. काटा घेऊन गेलो आणि म्हटलं आपण दोघांनी मिळून मोजायचं, वही तू लिहायची. आधी काही बोलला नाही, मग पहाटे चार वाजता तोच मला उठवायला आला.

रविवारी वारा पडल्यावर नुसतं मोजायला म्हणून होडी काढली, बाबांना पण बसवलं. दोन किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, म्हणजे वारा असला तरी दोन्हीकडनं सारखा होईल. फुल्ल रेसवर 4 किलोमीटरला टाकी 950 ग्रॅमनं उतरली, म्हणजे 1.28 लिटर, वेग पावणेतेराच्या आसपास. मग रेस कमी केली, 9 चा वेग धरला, तेच 4 किलोमीटर 570 ग्रॅममधे झाले, 0.77 लिटर. बाबांनी काटा माझ्या हातातनं घेतला आणि परत स्वतः तोललं. तेवढंच आलं.

त्यानंतर रोजचं अंतर काढलं. दिवाळीत जाळी काठापासनं 3 किलोमीटरवर होती, दोन खेपा मिळून 12 किलोमीटर. आता 5 किलोमीटरवर आहेत, म्हणजे रोजचे 20. फुल्ल रेसनं 20 किलोमीटरला सहा लिटर चारशे मिली लागतात, जेवढं आम्ही रोज घालतोय तेवढंच. कॅनमधनं एक थेंब कुठं गेलेला नाही. वहीत हे सगळं भावाच्या अक्षरात आहे आणि ते पान बाबांनी बराच वेळ समोर धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी खोलीचं कुलूप नव्हतं. आता 9 च्या वेगानं जातात, रोजचं चार लिटरच्या आत बसायलंय, फक्त पहाटे जरा लवकर निघावं लागतंय.

पंखा काढून बघितला, तीनपैकी एका पात्याचं टोक बोटभर वळलंय आणि कडेला दाते पडलेत. घरी हातोडीनं सरळ करू काय?

उद्यमबाग_लेथ

हातोडी लावू नको, ते ॲल्युमिनियम असणार, चीर जाईल. आणि घासल्या कडा डोळ्याच्या अंदाजानं कानशीनं साफ केल्या तर तिन्ही पाती सारखी राहत नाहीत, मग इंजिन थरथरतं आणि शाफ्टचं सील जातं. घेऊन ये, बघतो. बसवल्यावर परत तेच 4 किलोमीटर तेच दोन वेग करून तोल आणि इथं आकडा टाक, पंख्यानं किती खाल्लं ते कळेल.

हिडकल_काठ

येतो दादा, भाऊ पण येतोय सोबत.