घेतल्या भावाला आला की विकतो, हे धोक्याचं हाय

वर एक दादा म्हणलेत की शेअर निम्म्यावर आलाय, घेतल्या भावाला आला की विकून मोकळा होतो. आमच्या लातूरकडं सोयाबीनचं हेच झालं बघा. 2021 च्या ऑगस्टात क्विंटलला 10 हजाराच्या वर भाव गेलता, मग सोयापेंड (सोयाबीनचं तेल काढून उरलेली पेंड, कोंबड्या-जनावरांचं खाद्य) आयातीला परवानगी मिळाली आन् भाव कोसळला, पण लोक अजून तोच आकडा डोक्यात धरून बसायलेत, घरात पोत्यांची थप्पी, तिकडं पीककर्जाचं व्याज चालूच, आन् 2024 ला तर 4,892 चा हमीभाव बी आडतीवर मिळंना. बाजाराला आपला आकडा माहीत नसतो हो दादा.

फरक एवढाच की ठेवलेलं पोतं वाढत नाही, उलट वाळून वजन घटतं. चांगली कंपनी दरवर्षी नफा कमावते, त्यातला काही परत धंद्यात घालते, तिथं थांबण्याला अर्थ हाय. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के पडला आन् त्याच वर्षी नव्या उच्चांकावर गेला, पण तो इंडेक्स होता, म्हणजे बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा मिळून एक आकडा, एकटा शेअर तसा परत येईलच असं नाही.

तुम्ही भाव सोडा, कंपनीचे मागच्या चार-पाच वर्षांचे नफा आन् कर्जाचे आकडे इथं टाका, मग बोलू.