कोलायडरशिवायही चाचणी झाली आहे
आकाशगंगेएवढा कोलायडर (कणांची टक्कर घडवणारं यंत्र) बांधल्याशिवाय क्वांटम गुरुत्वाची, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम नियम एकत्र आणणाऱ्या सिद्धान्तांची, चाचणी होणारच नाही, हे मत मला पटत नाही. एक चाचणी १० मे २००९ लाच होऊन गेली. फर्मी या अवकाश दुर्बिणीने त्या दिवशी एक गॅमा-किरण स्फोट (दूरच्या अवकाशातला अतिशय तेजस्वी, क्षणिक स्फोट) टिपला. तो प्रकाश ७०० कोटींहून जास्त वर्षं वाटेत होता. अवकाश-काळ अतिसूक्ष्म पातळीवर खडबडीत असेल, जसं क्वांटम गुरुत्वाची काही मॉडेल्स सांगतात, तर जास्त ऊर्जेचे फोटॉन (प्रकाशाचे कण) किंचित रखडतील आणि एवढ्या लांबच्या प्रवासात तो उशीर साठत जाईल, अशी कल्पना. प्रत्यक्षात ३१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे प्रचंड ऊर्जेचा, एक फोटॉन स्फोट दिसू लागल्यापासून सेकंदभराच्या आत हजर! मला हे अजूनही थक्क करतं.

ऊर्जेच्या प्रमाणात वेग घटतो म्हणणारी साधी मॉडेल्स त्याने पार अडचणीत आणली. सगळे सिद्धान्त नव्हेत, एवढं मात्र जपून म्हणायला हवं.