अनुभव धागा: विद्यार्थी संघटनेला विनाखर्च प्रसिद्धी कशी मिळवली?

धागाकर्ती: जाहिरातीला पैसे नसताना बातमी छापून कशी आणायची, असे एका नव्या प्रसिद्धिप्रमुखाने विचारले आणि माझी संघटनेतील वर्षे आठवली. आमच्या रक्तदान शिबिराची बातमी ठळकपणे आली, पण त्यासाठी वृत्तपत्रांना पाठवलेल्या पत्रकाच्या पहिल्या वाक्यात संघटनेचे नावच नव्हते. सुट्टीत महाविद्यालये बंद असल्याने रक्ताचा तुटवडा पडतो आणि म्हणून विद्यार्थी सुट्टी सोडून परतत आहेत, एवढेच त्यात होते. आपले अनुभव जरूर लिहावेत.

उपसंपादक: हे अगदी योग्य आहे. मजकूर ईमेलमध्येच टंकलेला असावा, कारण कागदाचे छायाचित्र आले की तो पुन्हा टंकावा लागतो आणि पाने लावण्याच्या घाईत तेवढी सवड कोणालाच नसते. काय, कोण, केव्हा, कुठे हे आरंभीच यावे. जागा अपुरी पडली की बातमी खालून कापली जाते.

माजी सचिव: पाने लावण्याच्या या घाईमुळेच आम्ही कार्यक्रम सकाळी घेत असू आणि दुपारीच बातमी पाठवीत असू. पत्रकावर ज्याचा क्रमांक असे, त्याने संध्याकाळी फोन उचललाच पाहिजे, असा आमचा नियम होता.

छायाचित्रण करणारी: व्यासपीठावर रांगेने उभ्या असलेल्या पाहुण्यांपेक्षा काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे छायाचित्र छापले जाते, असे मी वारंवार पाहिले. छायाचित्राखालच्या ओळीत डावीकडून नावे द्यावीत.

धागाकर्ती: आणि छायाचित्रातील व्यक्तींची संमतीही घ्यावी, विशेषतः ज्यांना मदत दिली जात आहे त्यांची.

खजिनदार: वृत्तपत्रातील ‘आजचे कार्यक्रम’ या सदराकडे सगळे दुर्लक्ष करतात, पण आमच्या व्याख्यानांना येणारे अनोळखी श्रोते बहुधा तेच वाचून येत. नोंद मात्र आधीच पोहोचली पाहिजे.

रेडिओवर बोललेली: सामुदायिक रेडिओला आम्ही पत्रक पाठवले, तेव्हा त्यांनी पदाधिकारी नको, काम करणारी विद्यार्थिनी बोलायला हवी असे सांगितले. मी गेले, आणि माझे बोलणे ऐकून काही नवे स्वयंसेवक आमच्याकडे आले.

नवा सदस्य: परीक्षेच्या काळात कार्यक्रमच नसतात, तेव्हा काय करावे?

उपसंपादक: शिक्षणविषयक वार्ताहराला त्या काळात शुल्क, निकाल, वेळापत्रक यांवर बोलणारे विद्यार्थी हवे असतात, आणि नावानिशी बोलायला फारसे कोणी तयार नसते. आपल्यापैकी कोण कोणत्या विषयावर बोलू शकेल, हे त्यांना आधीच कळवून ठेवा. प्रतिक्रियेखाली संघटनेचे नाव सहसा येते.