मदत हवी आहे: तीन गावांच्या शिवा (हद्दी) मिळतात तो जुना दगड कसा ओळखायचा?

सोंडेवरची_शीव:
पुरंदर तालुक्यात एका डोंगरसोंडेवर तीन गावांच्या शिवा एकत्र येतात. तिथला जुना दगड शोधतोय. तिन्ही गावांचे जुने गाव नकाशे हाताशी आहेत, १ इंचाला ६६० फूट प्रमाणाचे. स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत उपग्रह चित्रावर बसवले, तर तिन्ही नकाशांतला बिंदू एकमेकांपासून १० ते २५ मीटर इकडेतिकडे पडतो.

एका गावच्या टोकाच्या सर्व्हे नंबरचं टिपणही, म्हणजे जुन्या मोजणीची मापं लिहिलेला कच्चा नकाशा, मिळालं. खालच्या कोपऱ्यातला दगड अजून शाबूत आहे, तिथून वरच्या टोकापर्यंत ९ साखळ्या ४ आणे लिहिलेत. चढ साधारण २० अंशांचा. टेप जमिनीलगत धरून तेवढं अंतर मोजलं, तिथे काहीच नाही.

जवळपास दोन दगड आहेत. एक अगदी माथ्यावर, खडकातच वर्तुळ कोरलेलं आणि मधोमध टिंब. दुसरा मोजलेल्या जागेच्या वर सात-आठ पावलांवर, करवंदीच्या जाळीला लागून. शेंदराचे थर चढलेले, वीतभर जमिनीबाहेर. यातला कोणता असू शकेल? खणून पाहावं का?

साखळी_आणे:
खणू नका, आधी हिशोब पाहू.

टिपणातली साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. म्हणजे १ साखळी १०.०६ मीटर, १ आणा सुमारे ६३ सेंमी. इंग्रजी पुस्तकांत सापडणारी ६६ फुटांची साखळी इथे लावली की अंतर थेट दुप्पट होतं, आणि ही चूक फार जण करतात. तुमचे ९ साखळ्या ४ आणे म्हणजे ३०५ फूट ३ इंच, ९३.०४ मीटर.

पण हे अंतर आडव्या पातळीतलं धरायचं असतं. २० अंशांच्या चढावर जमिनीलगत टेप धरली तर ९३ मीटर चालूनही आडवं अंतर ८७.४ मीटरच भरतं. जमिनीवरून जवळपास ९९ मीटर जायला हवं होतं. तुम्ही सहा मीटर अलीकडे थांबलात, आणि तुमचा शेंदराचा दगड सात-आठ पावलं वर आहे!

पुन्हा मोजताना पाच-पाच मीटरचे टप्पे घ्या. वरच्या माणसानं टेपचं टोक जमिनीला टेकवायचं, खालच्यानं टेप आडवी ताणून ओळंबा सोडायचा. टेपला झोळ पडू देऊ नका. टिपण पुन्हा एकदा नीट पाहा: तो आकडा हद्दीच्या कडेवरचा आहे की आतल्या बेसलाइनवरचा, म्हणजे मोजणीसाठी शेतातून आखलेल्या सरळ रेषेवरचा? बेसलाइनवरचा असेल तर तिथून काटकोनात लंब किती साखळ्या-आणे दिलाय तेही धरावं लागेल.

करवंदीची_जाळी:
माथ्यावरचा दगड यादीतून काढून टाका. वर्तुळ आणि मधोमध टिंब ही त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या (देशाच्या नकाशासाठी त्रिकोण आखून केलेल्या मोजणीच्या) ठाण्याची खूण, गावाच्या शिवेशी तिचा संबंध नाही. तीही जपण्यासारखीच आहे, तिला हात लावू नका.

घोटाळा करणाऱ्या आणखी खुणा असतात. रानाच्या हद्दीवर वनखात्याच्या बुरुज्या असतात, रचलेले दगड आणि नंबर. पाटबंधारे, रस्ते, रेल्वे यांचे आपापल्या संपादनाचे दगड असतात. चंद्र-सूर्य आणि खाली गाढवाचं शिल्प दिसलं तर तो गद्धेगाळ, म्हणजे दानाला जोडलेली शापवाणी, शिलाहार-यादवांच्या काळची. तो गावाच्या कडेला सापडला म्हणून शिवेचा ठरत नाही.

शेंदराबद्दल: शिवेवरच्या दगडाला म्हसोबा किंवा वेताळ मानून शेंदूर लावायची चाल जुनी आहे. त्यामुळेच कित्येक दगड नांगराखाली न जाता वाचले. पण नुसत्या शेंदरावरून निकाल देता येत नाही, कारण साध्या धोंड्यालाही शेंदूर लागतो. शेंदूर खरवडू नका. तिन्ही गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं विचारा: शिवेचा नारळ कुठे फुटतो, बांध कुठून वळतो. तिघांनी एकच जागा दाखवली तर ते नकाशाइतकंच मोलाचं.

गावानं परवानगी दिली तर बुडाशी खुरप्यानं चार बोटं माती बाजूला करा. मुद्दाम रोवलेल्या दगडाभोवती लहान दगड ठासलेले लागतात. नुसता पडलेला धोंडा मातीवर बसलेला असतो, खाली ठासणी नसते. पाहून झालं की माती परत लोटून ठेवा. हे काम फाल्गुन-चैत्रात करा, गवत वाळलेलं असतं. सकाळच्या तिरप्या उन्हात छिन्नीच्या रेघा दिसतात, भर दुपारी त्याच दगडावर काही दिसत नाही.

सोंडेवरची_शीव:
माझ्या हातून चढाचा हिशोब पार सुटला होता. तिन्ही नकाशे जुळत नाहीत त्याचं काय? उरलेल्या दोन गावांत जमिनींचं एकत्रीकरण झालंय, म्हणजे तुकडे जोडून नवे गट पाडलेत, त्यामुळे जुने सर्व्हे नंबर नाहीत, फक्त गट नंबर मिळतात.

साखळी_आणे:
नकाशे तंतोतंत जुळणारच नाहीत. या प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ७.९२ मीटर, नुसती शाईची रेघ तीन-चार मीटर खाते. त्यात कापडावरचा कागद आकसलेला. नकाशा बसवताना ओढ्याची वळणं धरू नका, ओढा सरकतो. जुन्या विहिरी, देवळं आणि शाबूत कोपऱ्यांचे दगड असे सात-आठ बिंदू घ्या, सगळे एका बाजूला नकोत. इतकं करूनही १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे सात गुंठे जागा, धुंडाळायची तयारी ठेवा.

गट नंबरवरून मागे जायला भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) चा उतारा मागा, त्यात गटाखालचे जुने सर्व्हे नंबर कळतात. मग त्या सर्व्हे नंबरांची टिपणं काढा. तुमच्याकडे आज एकाच गावचं एकच माप आहे. एका मापानं दगड सिद्ध होत नाही. उरलेल्या दोन्ही गावांकडूनही शाबूत दगडापासून माप आणा. तिन्ही मापं दोन-तीन मीटरच्या आत शेंदराच्या दगडापाशी आली तर मला शंका उरणार नाही. न आली तर सर्वांत जवळच्या शाबूत दगडावरून घेतलेलं माप आधी धरा, लांबच्या मापात चूक साठत जाते.

करवंदीची_जाळी:
मोबाइलवरचा जीपीएस उघड्यावर तीन ते पाच मीटर चुकतो, जाळीखाली त्याहून जास्त. दगडाची जागा लिहून ठेवायला तो चालेल, ठरवायला नाही.

दगड वाकलेला असला तरी सरळ करू नका, हलवू तर मुळीच नका. जमीन महसूल संहितेच्या कलम १४५ नुसार सीमाचिन्हाला इजा करणं दंडपात्र आहे, आणि एकदा हललेल्या दगडाचं माप कशालाच धरता येत नाही. गावाची हद्द कायद्यानं ठरवून हवी असेल तर उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे अर्ज करा आणि त्यात तिन्ही गावांची नावं लिहा. तोवर दगडाचे चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा, आणि जवळच्या दोन न हलणाऱ्या खडकांपासूनचं आडवं अंतर वहीत लिहून ठेवा.